१८०४ सालचा डॉलर, जो १८०४ साली पाडलाच नाही (अमेरिकेची सुरुवातीची नाणी आणि दुर्मिळपणाची भानगड)

फिलीकर

शिवराईच्या (शिवकाळापासूनच्या मराठी तांब्याच्या नाण्याच्या) धाग्यावर ओघात लिहून गेलो की मी अमेरिकेची अगदी सुरुवातीची नाणी, त्यातही तांब्याची, जमवतो. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत आणि प्रश्न एकच: "आमच्याकडे एक जुना डॉलर आहे, किती येतील?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

जुनं नाणं महागच असतं आणि कमी पाडलेलं नाणं दुर्मिळच असतं, हे दोन्ही डोक्यातून काढून टाका. टाकसाळीतून किती बाहेर पडली यापेक्षा मुशीत जाण्यापासून किती वाचली ते बघायचं. आणि जी वाचली त्यांच्यामागे किती लोक हात धुऊन लागलेत, ते त्याहून जास्त.

अमेरिकेच्या काँग्रेसने टाकसाळीचा कायदा केला २ एप्रिल १७९२ ला. राजधानी तेव्हा फिलाडेल्फिया, म्हणून टाकसाळ तिथे, सातव्या रस्त्यावर. पहिला संचालक डेव्हिड रिटनहाऊस, मूळचा खगोलशास्त्रज्ञ. पण इमारतीचा पाया पडायच्या आधीच, त्याच जुलैत, जॉन हार्पर नावाच्या करवती बनवणाऱ्या माणसाच्या तळघरात चांदीची चिमुकली नाणी पाडून झाली होती. त्यांना हाफ डिस्म म्हणतात, किंमत पाच सेंट. १३ जुलैला १५०० नाणी मिळाल्याची नोंद तेव्हाचा परराष्ट्रमंत्री जेफरसनने स्वतः करून ठेवली आहे. राष्ट्राध्यक्षांची बायको मार्था वॉशिंग्टनने घरची चांदीची भांडी दिली आणि त्यातून ही नाणी झाली, अशी एक गोड गोष्ट सांगतात. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, पण लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ती हमखास येते. गोष्ट असली की बोली चढते.

खऱ्या अर्थाने चलनासाठी पहिलं नाणं आलं ते मार्च १७९३ मध्ये, तांब्याचा एक सेंट. मागच्या बाजूला पंधरा राज्यांसाठी एकमेकांत गुंतलेल्या पंधरा कड्यांची साखळी. कल्पना एकीची, पण गुलामगिरी असलेल्या देशाच्या नाण्यावर एका बाजूला 'लिबर्टी' म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला साखळी! वर्तमानपत्रात लगेच टीका झाली की हा अपशकुन आहे, आणि बाईसाहेब लिबर्टी घाबरलेल्या दिसताहेत. केस मागे उडालेले, डोळे विस्फारलेले. नाणं हातात घेतलं की टीकाकाराचं म्हणणं पटतं. पहिल्या ठशात तर कारागिराला जागेचा अंदाज आला नाही की काय, त्याने देशाचं नाव 'अमेरि.' एवढ्यावरच उरकलं आणि पुढे टिंब दिलं. असे साखळीचे सेंट पाडले ३६,१०३. मग साखळी काढून पानांची माळ आली, तिचे ६३,३५३. मग जोसेफ राइटने टोपीवाली लिबर्टी कोरली, तिचे ११,०५६. एका वर्षात तीन नमुने. त्याच शरदात फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, टाकसाळ बंद पडली आणि राइट त्यात गेला.

एवढा वेळ सोन्याचांदीचं नाव नाही, कारण कायद्याने मुख्य नाणेकार आणि धातुपरीक्षक दोघांकडून दहा-दहा हजार डॉलरचा जामीन मागितला होता. तो दोघांच्या आवाक्याबाहेरचा. शेवटी काँग्रेसने रक्कम खाली आणली तेव्हा कुठे चांदी टाकसाळीत शिरली. १५ ऑक्टोबर १७९४ ला पहिले चांदीचे डॉलर बाहेर पडले, १७५८. यंत्र एवढ्या मोठ्या नाण्याच्या ताकदीचं नव्हतंच, त्यामुळे बहुतेक नाण्यांचा डावा काठ पुसट उठलाय. आज त्यातले दीडशेच्या आतबाहेर उरलेत. त्यातलाच एक, अगदी पहिल्या काही ठोक्यांतला मानला जाणारा, जानेवारी २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

ताक_भात

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एक बाळबोध प्रश्न. १७५८ डॉलर पाडले आणि दीडशे उरले, तर बाकीचे गेले कुठे? लोकांनी हरवले?

फिलीकर

बाळबोध कसला, सगळी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत तेव्हा सर्रास चालायचा तो स्पॅनिश डॉलर, मेक्सिको आणि पेरूच्या चांदीचा. तो तिथे १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता, हे आज अमेरिकेतल्या लोकांनाही सांगितलं तर खरं वाटत नाही. अमेरिकेचा डॉलर त्यापेक्षा किंचित हलका. वेस्ट इंडीजमध्ये मात्र दोन्ही एकास एक चालायचे. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? नवे कोरे अमेरिकन डॉलर तिकडे नेले, बदल्यात वजनदार स्पॅनिश डॉलर आणले, ते टाकसाळीत दिले, त्याचे पुन्हा अमेरिकन डॉलर करून घेतले. टाकसाळ तेव्हा पाडणावळ घेत नसे, त्यामुळे हे चक्र सरकारच्या खर्चाने फिरत होतं. १८०४ मध्ये डॉलर पाडणंच बंद केलं.

सोन्याची गत याहून वाईट. कायद्याने सोनं-चांदीचं प्रमाण १५ ला १ ठरवलेलं, युरोपात सोन्याला भाव त्याहून जास्त. अमेरिकन सोन्याचं नाणं जहाजावर चढलं की सरळ तिकडच्या भट्टीत. १८३४ ला नाण्यातलं सोनं कायद्याने कमी केलं, तेव्हा देशात उरलेली जुनी नाणीही दर्शनी किमतीपेक्षा जास्त मोलाची झाली आणि वितळली. १८२२ सालच्या पाच डॉलरच्या नोंदी आहेत १७,७९६. आज माहीत आहेत तीन. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरं २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला गेलं.

आणि याच काळातला अर्धा डॉलर? डॉलर बंद झाल्यावर चांदीचं सगळ्यात मोठं नाणं तेच उरलं, म्हणून बँकांनी राखीव साठा म्हणून पिशव्याच्या पिशव्या भरून ठेवले. या बँकेतून त्या बँकेत पिशवी जायची, नाणं बाजारात फारसं फिरायचंच नाही. म्हणून १८०७ ते १८३६ चे अर्धे डॉलर आजही ढिगाने, आणि बरेचसे चांगल्या अवस्थेत मिळतात. दोनशे वर्षांचं चांदीचं नाणं शंभर-दीडशे डॉलरमध्ये. सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवतो.

मृण्मयी_आ

या चांदीचा आपल्याशी असलेला संबंध इथे लिहायलाच हवा. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर तिकडच्या सेलम, बॉस्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कची जहाजं मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायला लागली. त्यांच्याकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता, म्हणून ती पेट्या भरून स्पॅनिश डॉलर आणायची आणि कापड, साखर, नीळ न्यायची. इथे ते डॉलर वजनावर घेतले जायचे आणि रुपये पाडायला टाकसाळीत जायचे. म्हणजे फिलाडेल्फियाला जी चांदी पुरत नव्हती, तिच्यातली काही रुपया होऊन आपल्या बाजारात फिरत होती.

तांब्याचाही एक धागा आहे. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने सोहो टाकसाळीत १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची तांब्याची नाणी पाडली, तराजू आणि 'अदिल' (न्याय) हा शब्द असलेली. आणि हाच बोल्टन पुढे फिलाडेल्फियाला सेंटच्या कोऱ्या चकत्या पिंपात भरून पाठवत होता. पुढे मुंबईची वाफेवरची टाकसाळ उभी राहिली तिची यंत्रंही सोहोचीच.

फिलीकर

मृण्मयीताई, दंडवत. आणि ते पिंप महत्त्वाचं आहे. बोल्टनच्या चकत्या एकसारख्या, गुळगुळीत. टाकसाळीने स्वतः भंगार तांब्यातून केलेल्या चकत्या भेगाळलेल्या, काळपट. १७९० च्या दशकातला सेंट बघताना चकती कुठली हे नुसत्या पोतावरून बरेचदा कळतं.

सातारकर_बापू

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक डॉलर सापडलाय. एका बाजूला बाईचं तोंड, बाजूने तारे, खाली १८०४. मागे गरुड. आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, तिथून आणला असावा असं घरात बोलतात. गावातला सराफ म्हणतो कोटीत जाईल. फोटो जोडलाय.

खोत

बापू, पार्टी कधी?

फिलीकर

बापू, घाईने कुणालाही देऊ नका आणि कुणाकडून 'सर्टिफिकेट करून देतो' म्हणून पैसेही देऊ नका. आधी तीन गोष्टी करा. सोनाराच्या काट्यावर वजन करा, खरा डॉलर २६.९६ ग्रॅमचा. लोहचुंबक लावून बघा. आणि कड बघा: खऱ्या जुन्या डॉलरच्या कडेवर अक्षरं असतात, 'हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट' अशी. उभ्या खाचा असतील तर विषय संपला.

तोवर या नाण्याची कुळकथा सांगतो.

टाकसाळीच्या वह्यांप्रमाणे १८०४ साली १९,५७० डॉलर पाडले. पण तेव्हा ठसा टिकेपर्यंत वापरायचे, साल बदललं म्हणून चांगला ठसा मोडीत काढायची चैन परवडत नसे. त्यामुळे ते सगळे १८०३ किंवा आधीच्या सालाचे. १८०४ छापलेला एकही नाही.

आता या १८३४ ला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचं सरकार पूर्वेकडच्या राजांशी व्यापारी करार करतंय, दूत एडमंड रॉबर्ट्स. मस्कतचा सुलतान आणि सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा यांना भेट म्हणून अमेरिकेच्या सगळ्या नाण्यांचे संच द्यायचे ठरतं. संच पुरा हवा तर डॉलर हवा, आणि डॉलर तर तीस वर्षं बंद. टाकसाळीतल्या कुणीतरी वही काढली, शेवटची नोंद १८०४ ची दिसली, आणि नवे ठसे कोरले तेच साल घालून. म्हणून त्या नाण्याचा काठ उंच आणि नेटका, मण्यांची किनार एकसारखी. हे तंत्र १८३० च्या दशकातलं, १८०४ च्या यंत्राला जमणारच नव्हतं. नाणं स्वतःच चुगली करतं.

पहिल्या वर्गाची म्हणजे या भेटीच्या वेळची माहीत असलेली नाणी आठ. मस्कतच्या सुलतानाचं समजलं जाणारं नाणं २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेलं.

मृण्मयीताईंसाठी खास: रॉबर्ट्सचं जहाज 'पीकॉक' मस्कतला येताना ओमानच्या मसिरा बेटाजवळ खडकावर चढलं होतं. १ ऑक्टोबर १८३५ ला सुलतानाला त्याचा संच दिला आणि दुरुस्तीसाठी जहाज आलं ते मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाला त्याचा संच मिळाला एप्रिल १८३६ मध्ये. तेव्हा मुंबईच्या मुक्कामात तो १८०४ चा डॉलर रॉबर्ट्सच्या सामानातच असणार. रॉबर्ट्स त्याच वर्षी मकावला वारला आणि कोचीन-चायना (आजचं व्हिएतनाम) नि जपानसाठीचे संच द्यायचे राहून गेले.

सयामचा तो संच पुढे सव्वाशे वर्षं कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता. १९६२ मध्ये लंडनमध्ये अचानक वर आला. गंमत अशी की हे डॉलर १८३४ चेच आहेत असं सिद्ध करणारं पुस्तक तेव्हा छापखान्यात होतं, आणि पुरावाच चामड्याच्या पेटीत बसून दारात आला.

खोत

थांबा थांबा. म्हणजे सरकारी टाकसाळीने मागचं साल घालून नाणं पाडलं, आणि आपण त्याला दुर्मिळ म्हणतो? आमच्या तालुक्यात मागची तारीख घालून दाखला दिला तर तलाठी निलंबित होतो.

फिलीकर

यापुढचं ऐका. १८५० च्या दशकाअखेर टाकसाळीतल्याच माणसांनी हे ठसे पुन्हा बाहेर काढले आणि संग्राहकांना विकायला आणखी पाडले. कडेवर अक्षरं नसलेले काही आधी विकले गेले, बोभाटा झाला, परत मागवले. त्यातला जो एक उरला तो स्वित्झर्लंडच्या बर्न इथल्या १८५७ च्या नेमबाजीच्या चांदीच्या नाण्यावर ठोकलेला आहे, खालची स्विस अक्षरं अजून दिसतात. १८०४ चं नाणं १८५७ च्या नाण्यावर! तो आता स्मिथसोनियनमध्ये आहे. नंतर कडेवर अक्षरं घालून आणखी काही केले. सगळे वर्ग मिळून पंधरा-सोळा.

पण तलाठ्याचं उदाहरण पुरतं लागू होत नाही. १८३४ ची नाणी सरकारी हुकमाने, सरकारी कामासाठी झाली. फसवायचा हेतू नव्हता. १८५८ च्या आसपासची मात्र सरळ सरळ लबाडी. आणि तरीही तीही लाखोंत जातात, कारण मागणी आहे. १८४२ मध्ये टाकसाळीच्या लोकांनीच एका पुस्तकात याचं चित्र छापलं, तेव्हा संग्राहकांना कळलं की असं काही आहे. सेलमचा संग्राहक मॅथ्यू स्टिकनी पुढच्याच वर्षी स्वतःकडचं एक सोन्याचं नाणं घेऊन टाकसाळीत गेला आणि अदलाबदल करून डॉलर घेऊन आला. तेव्हापासून 'नाण्यांचा राजा' म्हणून जो बोलबाला सुरू झाला तो थांबलेला नाही.

ताक_भात

म्हणजे प्रसिद्धीची किंमत.

शिवराईवेडा

+१. आमच्याकडेही तेच. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन म्हटलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण शिवरायांच्या आणि नंतरच्या शिवराईत 'श्री राजा शिव' कसं लिहिलंय, 'सिव' आहे की 'शीव', छत्रपतीचा 'त्र' कसा पडलाय, ठिपके कुठे, यात अशा काही व्हरायटी आहेत की आम्हा सगळ्यांत मिळून हाताच्या बोटांवर निघतील. बाजारात त्या शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, कारण विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणारेही आम्ही मोजकेच.

तुमच्या तांब्याच्या सेंटमध्ये असं असतं का?

फिलीकर

असतं म्हणजे काय, आमचा अर्धा जन्म त्यातच जातो.

तेव्हा प्रत्येक ठसा हाताने कोरायचे. एकेक अक्षर, एकेक पान, आकडे वेगळे ठोकून. त्यामुळे दोन ठसे कधीच सारखे नसत, आणि ठसे तर पटापट तडकत. एकट्या १७९४ च्या सेंटच्या साठाच्या आसपास व्हरायटी आहेत. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये १७९३ ते १८१४ च्या सेंटची वर्गवारी करून पुढच्या-मागच्या ठशांच्या प्रत्येक जोडीला नंबर दिला. आम्ही नाणं नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतो. साखळीवाले एक ते चार. त्यातच दुर्मिळतेची मोजपट्टी: आर-१ म्हणजे साडेबाराशेच्या वर नाणी शिल्लक, आणि आर-८ म्हणजे तीन किंवा कमी.

माझा आवडता नंबर ४८. १७९४ चा साधा दिसणारा सेंट, पण मागच्या बाजूला काठाच्या दातांमध्ये चौऱ्याण्णव बारीक पाचटोकी तारे आहेत. का, कुणी, कशासाठी कोरले याचा कागद सापडलेला नाही. झिजलेल्या नाण्यावर दोन-चार तारे उरतात, तेही भिंग तिरकं धरलं तर. अशी नाणी साठ-सत्तरच्या घरात माहीत आहेत. ज्याला तारे शोधायचं माहीत नाही त्याने ते अडीचशे डॉलरच्या सेंटमध्येच ठेवलेलं असतं, म्हणून प्रदर्शनात आमच्यातला प्रत्येक जण १७९४ चा सेंट दिसला की आधी उलटा करतो.

आणि उलट उदाहरण. साखळीचा सेंट आर-३, आर-४ मध्ये बसतो, म्हणजे शेकड्यांनी शिल्लक आहे. तरी गुळगुळीत झालेला, साल न दिसणारासुद्धा हजारो डॉलर खातो. कारण 'देशाचं पहिलं' नाणं एक तरी हवं असणारे हजारो लोक आहेत. नंबर ४८ मात्र तांब्याच्या वेड्यांनाच हवा.

मृण्मयी_आ

हा शेल्डन म्हणजे माणसांच्या शरीरयष्टीवरून स्वभाव सांगणारा मानसशास्त्रज्ञ तोच ना? आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याजागी स्वतःचे हलके ठेवणारा?

फिलीकर

तोच. त्याच्या पश्चात कोर्टकचेऱ्या झाल्या आणि सोसायटीच्या बाजूने निकाल लागला. नाणी वर्णनांवरून आणि जुन्या फोटोंवरून ओळखली गेली. ज्याने लोकांना एकेक सेंट वेगळा ओळखायला शिकवलं, तो त्याच ओळखीमुळे उघडा पडला.

आणि आज भारतातल्या स्लॅबवरही (तपासून दर्जा दिलेलं नाणं ज्या बंद प्लास्टिकच्या डबीत येतं तिच्यावर) जे ६३, ६५ असे आकडे बघता, ते १ ते ७० चं मापही त्याचंच. त्याने ते १७९४ च्या सेंटच्या तेव्हाच्या भावावरून काढलं होतं: भिकार अवस्थेतला एक पट, सर्वोत्तम सत्तर पट. ते गणित कधीच कोलमडलं, आकडे मात्र जगभर चिकटले.

सातारकर_बापू

वजन १९ ग्रॅम भरलं. चुंबकाला टपकन चिकटतोय. कडेवर खाचा आहेत.

फिलीकर

मग ती हल्लीची नक्कल आहे बापू, लोखंडावर मुलामा. महायुद्धातली तर नाहीच, कुणीतरी नंतर ट्रंकेत टाकली असेल. १८०४ ही नकला करणाऱ्यांची सगळ्यात लाडकी तारीख. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याप्रमाणे नकलेवर 'कॉपी' असं ठोकावं लागतं, पण बाहेरून येणाऱ्या मालाला कोण विचारतो.

सातारकर_बापू

ठीक. सराफाला सांगतो. तो अजून ऐकत नाहीये.

शिवराईवेडा

सराफाला सांगताना हेही सांगा की कंपनी सरकारची १८१८ ची रामदरबारवाली 'नाणी', तांदूळ ओढणारी नाणी, ही सगळी त्याच जातकुळीतली. कंपनीने रामदरबाराचं नाणं कधी पाडलं नाही. दर महिन्याला एक जण लाखभर रुपये घालवून आमच्या ग्रुपवर येतो.

खोत

मला गुंतवणूक म्हणून घ्यायची असतील तर? ते कोटीचे आकडे वाचून हात शिवशिवतात.

फिलीकर

मग घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. घेताना आणि विकताना दोन्हीकडे लिलाववाल्यांची दणदणीत टक्केवारी जाते, आणि बातमीत येतो तो माथ्यावरचा एक टक्का माल. मधल्या दर्जाची नाणी वर्षानुवर्षं हलत नाहीत. चवीपुरतं घ्यायचं असेल तर १८१६ ते १८५७ मधला मोठा तांब्याचा सेंट घ्या, झिजलेला पण प्रामाणिक, तीसेक डॉलरमध्ये येतो. किंवा वर म्हटलेला अर्धा डॉलर.

आणि कृपा करून तांबं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नाही. दोनशे वर्षांनी आलेला चॉकलेटी रंग एकदा गेला की तो परत येत नाही, आणि नाण्याची किंमत जागच्या जागी निम्म्याहून खाली येते. आम्ही फार तर मऊ उंटाच्या केसांच्या ब्रशने धूळ झटकतो. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटातही ठेवू नका, मुंबई-कोकणच्या दमटपणात त्यातून हिरवा चिकट थर सुटतो आणि तांब्याला खातो.

ताक_भात

हा छंद तिथे सुरू कधी झाला? १७९३ मध्ये कुणी साखळीचा सेंट जपून ठेवला असेल असं वाटत नाही.

फिलीकर

तुरळक लोक होते, त्यातले बरेचसे इंग्लंडमधले. काही उत्तम १७९३ आणि १७९४ ची नाणी तिकडूनच परत आली, कारण कुणी प्रवासी नव्या देशाचं नाणं म्हणून घेऊन गेला आणि कपाटात ठेवून दिलं. अमेरिकेत जोसेफ मिकली हा फिलाडेल्फियातला पियानो बनवणारा आद्य संग्राहक मानतात. त्याला स्वतःच्या जन्मसालाचा, १७९९ चा सेंट हवा होता. नेमका तोच मिळेना, आणि त्या शोधात तो इतर नाण्यांच्या नादी लागला. १७९९ चा सेंट आजही दुर्मिळ आहे, आणि १७९८ च्या आठाचा नऊ केलेली खोटी नाणी भरपूर.

खरी लाट आली १८५७ ला. मोठा सेंट बंद होऊन छोटा आला आणि लहानपणापासून खिशात खुळखुळणारं नाणं जाणार म्हटल्यावर लोक डबे उपसायला लागले.

मृण्मयी_आ

अवांतर, पण मघाशी राहिलं. टॅलबट, अ‍ॅलम अँड ली या न्यूयॉर्कच्या पेढीचं टोकन तुमच्या संग्रहात आहे का? ती पेढी भारताशी व्यापार करायची, टोकनवर जहाज आहे, साल १७९४ आणि १७९५. पेढी थोड्याच वर्षांत बंद पडली असं वाचलंय.

फिलीकर

टोकन आहे, पण त्याहून भारी वस्तू आहे. टाकसाळीला तांब्याची चणचण होती, तेव्हा त्यांनी त्या पेढीकडून ही टोकनं वजनावर विकत घेतली, गोल कापून लहान केली आणि त्यांवरच अर्ध्या सेंटचे ठसे ठोकले. माझ्याकडचा १७९५ चा अर्धा सेंट तसा आहे. यंत्राचा दाब पुरेसा नसल्याने खालचं टोकन पूर्ण मेलेलं नाही. लिबर्टीच्या गालावरून दोन समांतर रेषा तिरक्या जातात, त्या जहाजाच्या दोऱ्या. मागे पानांच्या माळेत एका जागी अक्षराचा पाय आहे, तो माळेचा नाही.

भारताचा माल आणणाऱ्या पेढीचं टोकन अमेरिकन सरकारने भंगार म्हणून घेतलं आणि त्याचं नाणं केलं. आणि हा प्रकार महाग नाही, काही शे डॉलरमध्ये मिळतो, कारण असे बरेच आहेत आणि खालचं जहाज शोधत बसणारे कमी.

मृण्मयी_आ

फोटो टाका ना. आणि दोऱ्या कुठल्या बाजूने बघायच्या ते सांगा, मला नुसत्या फोटोत कधीच दिसत नाही.

फिलीकर

संध्याकाळी टाकतो. दिवा नाण्याच्या वर नको, टेबलाला जवळपास समांतर, डावीकडून. नाणं हळूहळू फिरवत न्यायचं; लिबर्टीचं नाक साधारण चारच्या काट्यावर आलं की दोऱ्या उठतात, पुढे गेलं की पुन्हा बुडतात. दोन कोनांतले दोन फोटो टाकतो म्हणजे फरक कळेल.

शिवराईवेडा

दुदांडी शिवराईवरच्या दुहेरी छापाला पण हीच युक्ती चालते. तिचे फोटो मीही टाकतो, याच धाग्यावर चालेल ना?

फिलीकर

टाका की.